नट मोजावा की काम?

मराठी पडद्यावरचा सर्वांत मोठा नट श्रीराम लागू की निळू फुले, सर्वांत मोठा दिग्दर्शक व्ही. शांताराम की जब्बार पटेल, असा वाद घालणारे दोन पक्ष कितीही हिरिरीनं भांडले, तरी एका बाबतीत त्यांचं पूर्ण एकमत असतं. त्यांची चूक नेमकी त्या एकमतात आहे. श्रेष्ठपणा माणसाच्या अंगी असतो, तो त्याच्याबरोबर एका चित्रपटातून दुसऱ्या चित्रपटात जातो, आणि म्हणून दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं की कोण उंच ते दिसेल, असं दोघंही धरून चालतात. या भांडणाला कंटाळलेला तिसरा पक्ष म्हणतो, आवड ज्याची त्याची, यात ठरवण्यासारखं काही नाही. हा पक्ष समंजस वाटतो, पण त्याचं म्हणणं पहिल्या दोघांहून उथळ आहे. चांगल्या आणि वाईट अभिनयात फरक असतो, तो बोट ठेवून दाखवता येतो, त्यावर कारणं देऊन बोलता येतं, हेच तो नाकारतो.

श्रेष्ठपणा असतो आणि तो ठरवताही येतो, पण तो कामाचा असतो, माणसाचा नव्हे. एका चित्रपटात, एका संहितेत, समोरच्या एका नटाच्या सोबतीनं आणि एका विशिष्ट कॅमेऱ्यापुढं जे घडतं ते श्रेष्ठ किंवा सामान्य असू शकतं. ते घडवणाऱ्या माणसांची उतरंड लावायला गेलं, की आपण अभिनयाऐवजी भलत्याच गोष्टी मोजायला लागतो. त्या भलत्या गोष्टी कोणत्या, हे मराठवाड्यातून, त्यातही परभणी जिल्ह्यातून पाहिलं तर फार स्पष्ट दिसतं.

१. यादी आधी पेटाऱ्यात ठरते

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके. पुढं १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. एकाच चित्रपटात नायक आणि नायिका पेलणाऱ्या या माणसाचं नाव श्रेष्ठ नटांच्या वादात कुणीही घेत नाही. त्याचा अभिनय तोलून हलका ठरला, असं काही झालेलं नाही. तोलायला पुरेशी फिल्मच उरलेली नाही. मूकपटांच्या काळातलं बहुतेक सगळं काम असंच गेलं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झालं ते १९६४ साली, म्हणजे फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. तोवर नायट्रेटच्या रिळांतली कित्येक सडली, जळाली, त्यातली चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. जे जपलं गेलं त्यातलंही काही २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या आगीत नष्ट झालं. तेव्हा ‘शंभर वर्षांतला सर्वश्रेष्ठ’ असं म्हणताना आपण शंभर वर्षं पाहिलेली नसतात. पेटाऱ्यात जे उरलं तेवढंच पाहिलेलं असतं.

उरलेल्यातलंही सगळं सगळीकडं पोचलं नाही. कोल्हापुरात १९२९ साली प्रभात कंपनी निघाली, १९३३ साली ती पुण्याला आली, आणि मराठी चित्रपटाविषयीची आपली बहुतेक मतं कोल्हापूर, पुणे, मुंबई या पट्ट्यात तयार झाली. त्या काळात परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला. म्हणजे मराठी बोलपटाचा ज्याला सुवर्णकाळ म्हणतात त्या साऱ्या काळात, कोण थोर हे ठरवण्याच्या बैठकीत इथल्या मराठी माणसाला जागाच नव्हती. नियतकालिकं तिकडची, समीक्षक तिकडचे, आकडेही तिकडचे. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. जत्रांतल्या तंबूत जमिनीवर बसून ज्यांनी चित्रपट पाहिले त्यांचे आठवडे कुणी मोजले नाहीत. तंबू चार दिवसांनी उठतो आणि पुढच्या गावाला जातो. विक्रम एका जागी उभ्या असलेल्या इमारतीच्या नावावर लागतो. दादा कोंडक्यांना गर्दीचा नट म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. १९७१ च्या ‘सोंगाड्या’त एका शब्दाचे दोन अर्थ चेहऱ्यावर भाबडेपणा ठेवून सोडताना त्यांनी जो काळ साधला आहे, तो कुठल्याही गंभीर नटाच्या विरामाइतकाच कसून बांधलेला आहे. तो कमी लेखला गेला, कारण यादी करणाऱ्यांच्या दृष्टीनं तो चुकीच्या प्रेक्षकांना आवडला होता.

जगातही असंच आहे. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना सर्वश्रेष्ठ चित्रपट विचारतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्हज’ वर होता आणि ‘सिटिझन केन’ पहिल्या दहांतही नव्हता. १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’च पहिला. २०१२ साली ‘व्हर्टिगो’ आला. २०२२ साली शांताल आकरमान या बाईंचा १९७५ चा ‘जान दीलमान’ पहिला आला. त्या वेळी मत देणारे १६०० हून जास्त होते, आधीच्या खेपेच्या जवळजवळ दुप्पट. सत्तर वर्षांत या चित्रपटांतली एकही चौकट बदललेली नाही. बदलले ते मत देणारे, आणि त्यांना काय पाहायला मिळालं ते.

२. एकट्याचं काम असं काही नसतं

आता समजा सगळं जपलं गेलं आणि सगळ्यांपर्यंत पोचलं. तरी माणसांची उतरंड लावता येणार नाही, कारण पडद्यावरचं काम एका माणसाचं नसतंच. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हचा प्रयोग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा आधी वाडग्याला, मग शवपेटीला जोडून दाखवला, की पाहणाऱ्याला त्यात कधी भूक दिसते, कधी शोक. नट काहीच करत नाही असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या कामाचा अर्थ शेजारच्या चित्रावर टेकलेला असतो, एवढंच त्यातून कळतं.

लागू-फुले वादाचं उदाहरण घेऊ, कारण तो आपला लाडका वाद आहे. ‘सामना’ (लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल) १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात निळू फुल्यांचा हिंदुराव हा सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर गावाचा धनी झालेला माणूस आहे, आणि श्रीराम लागूंचा मास्तर हा मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत राहणारा, दारूत बुडालेला, मोडलेला माणूस. हिंदुरावाचा दरारा फुल्यांच्या आवाजात जेवढा आहे तेवढाच लागूंच्या खांद्यांत आहे. मास्तर दबत नाही आणि ताठही उभा राहत नाही. या मधल्या अवस्थेमुळंच हिंदुरावाला आधी गंमत वाटते आणि मग भीती. हिंदुरावाची भीती पडद्यावर आली कुठून? फुल्यांनी ती दाखवली, हे अर्धं उत्तर झालं. लागूंनी ती घडवली, हे उरलेलं अर्धं. दोघांतला श्रेष्ठ कोण, असं विचारून आपण ज्या गोष्टीला दाद द्यायची ती गोष्टच चिरून दोन तुकडे करतो.

मग त्याच पटेलांचा, तेंडुलकरांच्याच पटकथेचा १९७९ चा ‘सिंहासन’ पाहा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरच्या या चित्रपटात निळू फुले दिगू टिपणीस हा पत्रकार आहेत. सत्ता हाती असलेला माणूस उभा करणारा तोच नट आता सत्तेचा साक्षीदार उभा करतो. दिगू बहुतेक वेळ पाहतो, ऐकतो, लिहून घेतो. शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसणं अंगावर येतं, कारण आधीचा सगळा वेळ नटानं स्वतःला आवरून धरलेलं असतं. हिंदुराव थोर की दिगू? एकाच माणसाच्या दोन कामांनाही एका पट्टीनं मोजता येत नाही, कारण एकाला पडदा भरायचा होता आणि दुसऱ्याला तो दुसऱ्यांसाठी रिकामा ठेवायचा होता. मग दोन वेगळ्या माणसांना एका पट्टीवर कसं मोजणार?

दिग्दर्शकांच्या बाबतीत तर आपली पट्टी चटकन मोडते. प्रभातचा जगात गाजलेला चित्रपट ‘संत तुकाराम’ (१९३६), १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. त्याचे दिग्दर्शक दोन: विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दामल्यांचं मूळ अंग ध्वनीचं, फत्तेलालांचं कलादिग्दर्शनाचं. सर्वश्रेष्ठ दिग्दर्शकाच्या वादात शांतारामबापू असतात, राजा परांजपे असतात; ही जोडी क्वचित असते, कारण खुर्ची एक आणि माणसं दोन. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाला आपण वंदन करतो. तो वंदनीय आहेच. पण गौरीनं केलेली त्याची बायको घरात दाणा नाही म्हणून कडाडत नसती, तर त्या भक्तीला वजन कुठून आलं असतं? पागनीसांचा तुकाराम जमिनीपासून चार बोटं वर आहे हे आपल्याला कळतं, कारण गौरीचे पाय घट्ट जमिनीवर आहेत.

३. मानवत: एक घटना, दोन कामं

परभणी जिल्ह्यातलं मानवत १९७२ ते १९७४ या काळात तिथं झालेल्या हत्यांमुळं देशभर ओळखलं गेलं. अंधश्रद्धेपायी बाया आणि लहान मुली मारल्या गेल्या. या घटनेवरून सुचलेला ‘आक्रीत’ १९८१ साली आला. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन अमोल पालेकरांचं, आणि प्रमुख भूमिकांत स्वतः पालेकर आणि चित्रा पालेकर. फ्रान्समधल्या नांत शहरातल्या तीन खंडांच्या चित्रपट महोत्सवात त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच घटनांवरची ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका आली. दिग्दर्शक आशिष बेंडे, आधार तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचा, आणि भूमिकांत आशुतोष गोवारीकर, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर.

नेहमीच्या पद्धतीनं विचारायचं तर: पालेकर मोठा नट की अनासपुरे? या प्रश्नातून काहीही हाती लागत नाही. कामाकडं पाहिलं की लगेच बोलण्यासारखं पुष्कळ सापडतं. ‘रजनीगंधा’पासून (१९७४) ‘गोलमाल’पर्यंत (१९७९) पालेकर म्हणजे शेजारचा साधा, लाजाळू, नोकरदार तरुण, अशी प्रतिमा देशाच्या मनात पक्की बसली होती. तोच चेहरा ‘आक्रीत’मध्ये क्रूर कृत्याच्या केंद्रस्थानी येतो तेव्हा निम्मं काम संवाद सुरू होण्याआधीच झालेलं असतं. पाहणारा त्या माणसावर विश्वास ठेवायला सरावलेला असतो, आणि ती सवयच त्याला अडचणीत आणते. हा निर्णय दिग्दर्शक पालेकरांनी नट पालेकरांविषयी घेतलेला आहे. अनासपुऱ्यांची प्रतिमाही अशीच तयार होती, पण विनोदाची. ‘कायद्याचं बोला’पासून (२००५) लोक त्यांना पाहताच हसायच्या तयारीत बसतात. मालिकेत ती तयारी मोडायची होती आणि ती त्यांनी आवाज खाली आणून, घाई सोडून मोडली. दोन्हीकडं युक्ती एकाच जातीची आहे, पण चौकट निराळी. ‘आक्रीत’ कृत्य करणाऱ्यांच्या घरात उभा आहे. मालिका बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरून पाहते. पहिल्यात नटाला आतलं सगळं उघडं करावं लागतं, दुसऱ्यात तेच लपवावं लागतं, कारण शोध संपेपर्यंत संशय टिकायला हवा. काय करायचं होतं हे ठरलं, की किती जमलं हे बोलता येतं. माझ्या मते ‘आक्रीत’मधली निवड अधिक धाडसाची आहे, कारण तिथं पाहणाऱ्याला उभं राहायला एकही सज्जन खांदा दिलेला नाही. या मतावर कुणीही माझ्याशी वाद घालू शकतो, आणि तो वाद कामाविषयीचा असेल.

४. कानाचा अधिकार

श्रेष्ठपणाच्या चर्चेत ‘नैसर्गिक’ हा शब्द सारखा येतो. नैसर्गिक कुणाच्या कानाला? पुण्यात बसलेल्या समीक्षकाला ग्रामीण बोली म्हणजे ‘लई’ आणि ‘न्हाई’ एवढीच पुरते. त्याला साताऱ्याची आणि परभणीची बोली वेगळी ऐकू येत नाही. जिंतूर, गंगाखेड, सेलूच्या माणसाला ती पहिल्या वाक्यात ऐकू येते. ‘करायलाय’, ‘जायलाय’ या रूपांचा झोक कुठं उतरतो, वाक्य संपताना आवाज कुठं सोडायचा, हे त्याला न शिकता ठाऊक असतं. मराठवाड्याची भूमिका कोल्हापुरी ठसक्यात बोलणारा नट तिकडं नैसर्गिक म्हणून गौरवला जातो आणि इथं तो पहिल्या पाच मिनिटांत परका वाटतो. यातला कोणता निर्णय खरा? इथल्या माणसाचा, निदान या एका मुद्द्यावर. कारण त्याच्याकडं पडताळा आहे. बी. रघुनाथांसारखा लेखक दिलेल्या या जिल्ह्याला भाषेचा कान आहे, तो काही भावनेच्या भरात सांगायचा अभिमान नव्हे. तो पुरावा आहे, आणि अभिनयाच्या समीक्षेनं तो मागवायला हवा. प्रत्येक कामाचे जाणकार वेगळे असतात, हे मान्य केलं की एका दरबारात बसून लावलेल्या उतरंडीचा आधारच ढासळतो.

५. आक्षेप

पहिला आक्षेप खरोखर वजनदार आहे. एखादा नट एकदा नव्हे, वीसदा उत्तम काम करतो. मग त्या माणसात काही आहेच ना? आहे. त्याला भरवसा म्हणावं, तयारी म्हणावं, आणि निर्मात्यांनी त्याला जास्त पैसे द्यावेत हे योग्यच आहे. पण भरवसा सिद्ध व्हायला वीस संधी मिळाव्या लागतात, आणि संधी गुणांनुसार वाटल्या जात नाहीत. ‘बाबू बँड बाजा’साठी मिताली जगताप वराडकर आणि ‘धग’साठी उषा जाधव यांना अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, देशातलं त्या वर्षीचं उत्तम काम म्हणून ते गौरवलं गेलं. त्यानंतर त्या तोलाच्या किती भूमिका त्यांच्यासाठी लिहिल्या गेल्या? स्मिता पाटील १९८६ साली एकतिसाव्या वर्षी गेल्या. ‘उंबरठा’तलं त्यांचं काम मोजताना त्यांच्या चित्रपटांची संख्या कुणाच्या संख्येशी लावायची? माणूस मोजला की आयुष्याची लांबी आणि बाजाराची मर्जीही त्यात मोजली जाते. काम मोजलं तर ‘धग’ कुणाही दिग्गजाच्या कामाशेजारी आपल्या बळावर उभा राहतो.

दुसरा आक्षेप: खेळात क्रमवारी लागते, मग कलेत का नको? शंभर मीटर सगळ्यांना शंभरच असतात. ‘फँड्री’तला जब्या करताना सोमनाथ अवघडेनं आधी कधी अभिनय केलेला नव्हता; ‘कोर्ट’मधला लोकशाहीर नारायण कांबळे करणारे वीरा साथीदार मूळचे कार्यकर्ते. या दोन कामांची जागा कसलेल्या नटाला दिली असती तर चित्रपट बिघडला असता, कारण तिथं कसब दिसणंच घातक होतं. अंतर वेगळं, जमीन वेगळी, कधी कधी धावायचंच नाही अशी अट. अशा ठिकाणी कोण पहिला आला हे विचारण्यात अर्थ नाही.

कुणी म्हणेल, एकच भूमिका अनेकांनी केली तर? तिथं तुलना जरूर करावी. ‘नटसम्राट’चे गणपतराव बेलवलकर १९७० च्या डिसेंबरात रंगभूमीवर लागूंनी उभे केले, नंतर दत्ता भटांनी केले, आणि २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकरांनी. मूळ नाटक शिरवाडकरांचंच. लागूंना तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा होता, आणि तोही असा की नट म्हणून मिरवणारा आवाज कुठं संपतो आणि बाप म्हणून तुटणारा कुठं सुरू होतो हे कळावं. नानांच्या चेहऱ्याला कॅमेरा एका हातावर होता. तिथं मोठा आवाज हा गणपतरावांचा स्वभाव आहे की नटाची सवय, हा प्रश्न सारखा पडत राहतो आणि चित्रपट त्याचं उत्तर प्रत्येक वेळी देत नाही. असं बोललं की गणपतराव कळतात, माध्यम कळतं, दोन्ही नटही कळतात. लागू मोठे की नाना, याचं उत्तर त्यातून मिळत नाही आणि त्याची उणीवही भासत नाही.

उरला पुरस्कारांचा प्रश्न. २०१२ च्या चित्रपटांसाठीचा अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार ‘अनुमती’साठी विक्रम गोखले आणि ‘पानसिंग तोमर’साठी इरफान खान यांना विभागून दिला गेला. आजारी बायकोच्या उपचारांसाठी पैसे जमवत फिरणारा म्हातारा आणि धावपटूचा झालेला दरोडेखोर यांत खाली-वर लावायचं परीक्षकांनी टाळलं, याला अनेकजण कचखाऊपणा म्हणतात. मला तो त्या वर्षीचा सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो. कमी पडलं ते त्यामागचं सविस्तर कारण. हीच उणीव इथंही आहे. दर हिवाळ्यात हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेचं परभणी केंद्र भरतं, अभिनयाची रौप्यपदकं जाहीर होतात, आणि वर्तमानपत्रात निकाल येतो तो नावांचा. गंगाखेडहून किंवा पाथरीहून दोन महिने तालमी करून आलेल्या मुलीला पदक मिळालं हे कळतं. कोणत्या प्रवेशात, कशासाठी, हे तिलाही कळत नाही आणि हरलेल्यांनाही. परीक्षकांनी प्रत्येक पदकाखाली चार वाक्यं लिहावीत: कोणता प्रसंग, त्यात काय करायचं होतं, ते कसं साधलं, कुठं निसटलं. एवढ्या चार वाक्यांसाठी सरकारचा एक रुपयाही जास्त खर्च होणार नाही.